निखाऱ्यांतला नारळ

होळीच्या ज्वाळा ओसरल्या आणि आमच्या इमारतीतले सावंत काठीने नारळ बाहेर ओढू लागले. निघाली ती एरंडाच्या फांदीला टेकू दिलेली वीट.

"अहो सावंत, वीट कोण खाणार?" वरच्या मजल्यावरचे कदम बोलून गेले. छताच्या गळतीवरून दोघांचा अबोला होता, तो त्या क्षणी दोघेही विसरले असावेत.

"सगळंच लाल दिसतंय हो," सावंत हसून म्हणाले.

भौतिकशास्त्रात याला कृष्णवस्तूचं प्रारण म्हणतात. मी ते वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. निखाऱ्यांच्या पोटातल्या पोकळीत सगळं सारखंच तापलं की वीट, लाकूड, करवंटी यांचा उजेड एकच होतो. वस्तू किती तापली आहे एवढंच तो सांगतो. ती कशाची, कुणाच्या घरची, हे सांगत नाही. फळ्यावर हे फार रुक्ष वाटायचं.

नारळ शेवटी कदमांनीच शोधला. खोबऱ्याचा धुरकट तुकडा सावंतांनी त्यांच्याच हातून घेतला.

सकाळी होळी निवली होती. राखेत वीट लांबूनही ओळखू येत होती, करवंटीही. जिन्यात सावंत चढत होते, कदम उतरत होते. दोघांनी भिंतीकडे बघत एकमेकांना वाट दिली.