शेवंताबाईच्या वाटेचा पुरावा

वकिली करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. तारीख पडते, तारखेला साक्षीदार येतो आणि जाताना एक किस्सा टाकून जातो. आपण फक्त डोक्याला हात लावून बसायचं! पूर्वी मी हे सगळं बाररूममध्ये रंगवून सांगायचो. आता नुसता वैताग येतो. पुराव्याचा कायदा नवा आला, कलमांचे नंबर बदलले, आम्ही ते या वयात पुन्हा पाठ केले. साक्षीदार मात्र तेच राहिले!

आणि सगळे नमुने मला एकाच दाव्यात भेटावेत, हे माझं नशीब.

शेवंताबाई आमच्या तालुक्यातल्या एका तांड्यावरची. नवरा रामधन वारलेला. तिच्या वावरात जायची बैलगाडीची वाट शेजारच्या देवरावच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जायची. रामधन होता तोवर कोणी काही बोललं नाही. मग एकदा हिच्या बैलांनी देवरावची तूर खाल्ली, भांडण झालं आणि देवरावनं वाटेवर तारेचं कुंपण घातलं. शेवंताबाईनं माझ्यामार्फत दावा लावला, तर यानं कोर्टात लिहून दिलं, "इथे वाट कधीच नव्हती!" इकडे कापूस फुटायला आलेला. वाट मिळाली नाही तर सगळा कापूस डोक्यावर घेऊन नाल्यातून काढायचा, तोही या वयात, एकट्या बाईनं.

* * *

"बाई, पुरावा आणा," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर काळीपिवळी जीप थांबली आणि आतून अख्खा तांडा उतरला. म्हातारे, बाया, एक जण तर दवाखान्यातून सुट्टी घेऊन थेट!

"अहो, दोन-तीन साक्षीदार पुरतात."

"मंग बाकीच्याइले काय सांगू? तुमचं खरं नाही धरत म्हणून?"

सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. त्यातले दोघं रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत.

* * *

पहिला साक्षीदार तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. पांढरा फेटा, भारदस्त आवाज. मी निश्चिंत होतो.

समोरचे वकील उलटतपासाला उठले. "इथे वाट होती, हे तुम्हाला कसं माहीत?"

"माह्या बापानं सांगतलं."

समोरचे वकील खूश! "साहेब, हा ऐकीव पुरावा आहे. ग्राह्य धरू नये."

नाईक संतापला. "म्हंजे? माहा बाप खोटा बोलत होता काय?"

त्याला शांत करता करता कोर्टाचा बराच वेळ गेला. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः त्या वाटेनं रोज ढोरं नेत होता! मी फेरतपासात सावरायला उठलो. आता फेरतपासात आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालता येत नाही. त्याला सूचक प्रश्न म्हणतात. म्हणून सरळ विचारलं, "नाईक, तिथे तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

नाईक म्हणाला, "तुमी सांगा नं साहेब. ऑफिसात त तुमीच सांगत होते!"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, ते हसू लपवत होते.

बाहेर आल्यावर मी ओरडलो, "डोळ्यांनी पाहिलेलं का नाही सांगितलं?"

"बापाच्या पुढं माह्या डोयाची काय किंमत, साहेब?"

यावर कोणतं कलम लावायचं, ते सांगा!

* * *

दुसरा साक्षीदार पंजाब. फाट्यावर पानठेला चालवतो. येणारं-जाणारं प्रत्येक चाक त्याला दिसतं. प्रतिज्ञापत्रावर सही करायला तयार नव्हता, म्हणून समन्स काढून बोलावलं. पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मले काहीच माहीत नाही."

"वाट पाहिली नाही?"

"वाट बी नाही पाह्यली, तार बी नाही पाह्यली."

मी त्याला फितूर घोषित करायची परवानगी मागितली. फितूर म्हणजे आपण बोलावलेला साक्षीदार आपल्याच विरोधात उलटतो तो. रोजचंच काम.

दुपारी पंजाब माझ्या टेबलाशी हजर. डोळ्यांत पाणी! "साहेब, मले फितूर काहून म्हणलं? मी दोघाइच्या घरी जेवतो. एकाच्या बाजूनं बोललो असतो त फितूर झालो असतो. मी त कोणाच्याच बाजूनं नाही बोललो!"

"पंजाब, तो कायद्यातला शब्द आहे."

"असंन. पण गावात सगळे तसंच म्हणून राह्यले. अर्ज करा आन् मागं घ्या."

तो अर्ज कोणत्या नमुन्यात करतात, हे मला अजून कळलेलं नाही.

* * *

मग पुसदहून शेवंताबाईचा जावई आला. हा शिकलेला, हुशार, खिशात दोन मोबाइल. "मामंजी होते तवाचे फोटो आहेत माह्याजवळ, त्या वाटेवर काढलेले. डिजिटल पुरावा!" मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली. प्रमाणपत्र कसं जोडायचं ते समजावलं, प्रिंट काढल्या, उत्साहानं उघडल्या.

पहिल्या फोटोत जावई. दुसऱ्यात जावई, गॉगल लावून. तिसऱ्यात जावई आणि बैलाचं अर्धं शिंग.

"वाट कुठे आहे?"

"माह्या मांगंच आहे नं, साहेब!"

नाइलाजानं तेच दाखल केले. समोरच्या वकिलांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. एवढंच म्हणाले, "स्थळ सुंदर असावं."

* * *

शेवटी देवराव स्वतः पिंजऱ्यात. माझ्याकडे काही उरलं नव्हतं. शेवंताबाई मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. तिचा कापूस फुटला होता.

"तिथे वाट होती, हे खरं आहे?"

"नाही."

"बैलगाड्या जायच्या?"

"नाही."

उलटतपासात ज्याचं उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न विचारू नये, हे मी ज्युनिअर पोरांना नेहमी शिकवतो. पण वैताग माणसाकडून काहीही करवतो. मी चिडून विचारलं, "शेवंताबाईच्या वावरात आयुष्यात कधी पाय तरी ठेवला का?"

"गेलतो एकदा."

"कशाला?"

"रामधनच्या मातीले."

रामधनला त्याच्याच वावरात अग्नी दिला होता, हे मला तेव्हा कळलं. मी हळूच विचारलं, "कोणत्या वाटेनं गेलात?"

देवरावचे वकील उठायला लागले. न्यायाधीशांनी त्यांना हातानंच बसवलं. "उत्तर द्या."

"साहेब, पुढचा खांदा माहा होता."

"कोणत्या वाटेनं?"

"वाटेनंच नेला." देवराव म्हणाला. "माह्या धुऱ्यावरूनच. तवा कुठं होती तार? लिहून घ्या. वाट होती."

बाहेर व्हरांड्यात देवराव शेवंताबाईसमोर येऊन उभा राहिला. वर बघितलं नाही. "वयनी, सकाळी बैलबंडी घेऊन या. तार काढून ठेवतो." आणि निघून गेला.

मी मात्र संतापानं लाल झालो होतो. "बाई! एवढा मोठा पुरावा तुमच्याजवळ होता! खांदेकरी सगळे जिवंत, तांडा सगळा मातीला होता. एका शब्दानं मला काहून नाही सांगितलं?"

शेवंताबाईनं पदर सारखा केला.

"तुमी पुरावा मांगतला होता, साहेब. मयत कायले सांगू?"