मणक्याच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन

"फुलं नगंत, पाठ दावा!"

सकाळी कुणी ग्रुपवर गुलाबाचं चित्र टाकलं, की आमच्या अ‍ॅडमिनचा हा आवाज यायचाच. मणक्याला मार बसलेल्या आम्हा माणसांचा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अंगाला जाणीव नसली की पाठीला झालेली जखम कळत नाही. म्हणून घरच्यांनी फोटो काढायचा आणि त्यांनी तो निरखायचा. "लाल झालंय. कूस बदला. आजच डॉक्टरास्नी दावा."

ते कसबा बावड्याचे. उसाच्या ट्रॉलीवरून पडून कमरेखालचं अंग गेलेलं. मी गडहिंग्लजचा, मोटारसायकलवरून पडलो आणि मानेचा मणका मोडला. आमची भेट फक्त फोनवर. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर आधी भांडखोरच म्हणाला असता. ग्रुपवर कुणी रडायला लागलं की ओरडायचे, "रडा की! पर पाणी पीत रडा."

एका दुपारी माझं डोकं फुटायला आलं. तोंडावरून घामाच्या धारा, डोळ्यांपुढं अंधारी. घरात आई एकटी. ती मला आडवं करू लागली. मला वाटलं, संपलं. माझी बोटं चालत नाहीत. आईनंच त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"मावशी, आडवं करू नका! बसवा त्यास्नी. लघवीची नळी बघा, कुठं दबलीया का?"

नळी मांडीखाली चेमटली होती; आमच्यासारख्यांची लघवी तुंबली की रक्तदाब एकदम चढतो, आणि आडवं केलं की आणखीच. आईनं ती सोडवली. हळूहळू डोक्यातला ठणका उतरला. आई मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली.

"आधी डॉक्टरास्नी फोन लावा," ते म्हणाले. "मग रडा."

त्यानंतर कितीतरी दिवस मी डोळे मिटायला भ्यायचो. त्यांना सांगितलं, तर एवढंच म्हणाले, "भ्या वाटणारच की."

गेल्या उन्हाळ्यात त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. चेहरा काळवंडलेला. दात वाजत होते.

"पावणं, इन्फेक्शन रक्तात गेलंय म्हणत्यात. दवाखान्यात आणलंय. मला लई भ्या वाटाय लागलंय."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ग्रुपवर सांगू नका. समदी घाबरतील. तुम्ही जरा बोलत ऱ्हावा."

मी बोलत राहिलो. काय बोललो, आठवत नाही. फोन त्यांच्या छातीवर पडला असावा. त्यांना स्ट्रेचरवरून नेत होते; पडद्यावर दवाखान्याचं छत सरकत होतं, एकेक ट्यूबलाइट मागं जात होती. मी हाका मारत होतो.

"फोन आयसीयूत न्यायचा न्हाय," कुणीतरी बाई म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

त्या दारातून ते परत आले नाहीत.