एकशे त्रेसष्टावा दिवस

मंगळवार, २४ सप्टेंबर २०१३. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. वारज्यातल्या एका मेसच्या स्वयंपाकघरात विमलाबाई निखाडे पोळ्या लाटत होत्या. सगळा जोर डाव्या हाताचा. उजवा हात लाटण्यावर नुसता टेकवलेला; मनगटाला ओढणीचा तुकडा गुंडाळलेला, बोटं सुजून जाड झालेली. बारा दिवसांपूर्वी त्यांच्या मुलाने, दिग्विजयने, त्या मनगटावर कुकरचं झाकण मारलं होतं. त्यानंतर त्या डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या.

"लचकलाय," त्या म्हणाल्या.

"बारा दिवस? लचक आहे की भाडेकरू?" मेसची मालकीण शालन म्हणाली.

विमलाबाई चौसष्ट वर्षांच्या. मूळच्या वर्धा जिल्ह्यातल्या, १९७३ पासून पुण्यात. नवरा नागोराव पिंपरीतल्या कारखान्यात लेथवर होता. २००१ साली कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या पैशांतून वारज्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि चार लाखांची मुदत ठेव केली, दोन्ही बायकोच्या नावावर. पाच वर्षांनी तो वारला. विमलाबाई महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिपाई होत्या, २००९ मध्ये निवृत्त झाल्या.

मुलगी उत्कर्षा आधी हिंजवडीत प्रोग्रामर होती, आता कॅलगरीत आहे. दिग्विजय, वय तेहेतीस, आयटी कंपन्यांच्या लोकांची ने-आण करायचा. फेब्रुवारीत हप्ते थकले आणि बँकेने गाडी ओढून नेली. त्या आठवड्यात त्याने आईला पहिली थप्पड मारली. मार्चमध्ये दारात ढकललं. कपाळाला खोक पडली, विमलाबाईंनी त्यात हळद भरली. जूनमध्ये केस धरून मोरीपर्यंत ओढत नेलं. जुलैत बरगडीत लाथ घातली. पुढे पंधरा दिवस त्यांना डाव्या कुशीवर झोपता आलं नाही. मागणी दर वेळी एकच: ठेव मोड.

ठेव मोडता येत नव्हती, कारण तिची पावती पैशांचा पुरावा म्हणून कॅनडाच्या व्हिसाच्या फाइलमध्ये होती. कॅनडा आई-वडिलांना एक दीर्घ मुदतीचा व्हिसा देतो, त्यावर सलग दोन वर्षं राहता येतं. त्यासाठी मुलीचं उत्पन्न ठरलेल्या रकमेच्या वर लागतं. शिवाय कॅनडातल्याच कंपनीचा किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. उत्कर्षाने निवडलेल्या पॉलिसीत एक अट होती: जुना आजार एकशे ऐंशी दिवस स्थिर असला पाहिजे. विमलाबाईंचा जुना आजार रक्तदाब. त्यांची गोळी शेवटची बदलली १४ एप्रिलला.

फाइल करून देणारे उत्तरेश्वर होनमाने यांचं ऑफिस नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर आहे. त्यांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, "सहा महिने तब्येतीत काही बदल नको." विमलाबाईंनी त्याचा अर्थ असा घेतला की सहा महिने दवाखान्याची पायरी चढायची नाही. शाळेत परिपत्रकाची वही वर्गावर्गातून फिरवून सह्या आणणं हे त्यांचं काम होतं. वहीत लिहिलेलं पाळायचं असतं, विचारायचं नसतं, एवढं त्या नोकरीत पक्कं शिकल्या होत्या. त्या मंगळवारी एकशे त्रेसष्टावा दिवस होता.

सात वाजता मेसची पोरं नाश्त्याला बसली. पाठोपाठ दिग्विजय आत आला. हातात बँकेचा फॉर्म.

"सही कर."

"हात चालत नाही रे."

"लाटायला चालतो? कॅनडाला जायला चालतो? सहीलाच चालत नाही?"

त्याने ते मनगट धरलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी विमलाबाई खाली बसल्या. टेबलावरचा एक पोरगा उठला. "ओ दादा, चिल करा ना..." त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत दिग्विजयने स्टीलचा जग त्याच्या तोंडावर फेकला. पोराचा ओठ फाटला, रक्त पोह्यांत पडलं. दिग्विजय वळला आणि खाली बसलेल्या आईच्या पोटात लाथ घातली. दुसऱ्यांदा पाय उचलला, तेव्हा शालनने तव्यावरचं उलथनं काढून त्याच्या मानेवर दाबलं. तो किंचाळला. चार पोरांनी त्याला पालथा पाडला आणि एक त्याच्या पाठीवर बसला. पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं तो शिव्या देत होता, बहुतेक आईला.

"रिक्षा बोलवा," शालन म्हणाली. "दवाखाना."

"नको बाप्पा. सतरा दिवस राहिले."

"कशाचे?"

विमलाबाईंनी फरशीवर पडल्या पडल्या सांगितलं. शालनने होनमान्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सकाळी सात वाजता व्हिसा लागत नाही कुणाला. बोला."

"निखाडे मावशींचं मनगट मोडलंय. दवाखान्यात गेल्या तर ते दिवस पुन्हा मोजावे लागतात का?"

"मनगट म्हणजे रक्तदाब आहे का, बाई? अट जुन्या आजाराची आहे. गोळी बदलायची नाही, वाढवायची नाही. बाकी दोन्ही पाय मोडून घेतले तरी कंपनीला त्याचं काही नाही."

"हे त्यांना सांगितलं होतंत?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"काऊन विचारू?" विमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही बदल नको म्हटलं, मी होऊ दिला नाही."

सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रेत मनगटाची दोन हाडं मोडलेली दिसली. त्यातलं एक बारा दिवसांत वाकडं जुळायला लागलं होतं, ते पुन्हा ओढून बसवावं लागलं. डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांवर आधीच्या फ्रॅक्चरच्या खुणा होत्या. रक्तदाब दोनशे दहा, एकशे अठरा. तो दोनदा, तासाभराच्या अंतराने मोजला. मग डॉक्टर दुसरी गोळी लिहायला लागले.

"ती लिहू नका, साहेब. लिहिली की एकशे ऐंशी दिवस पुन्हा पहिल्यापासून."

"आणि नाही लिहिली, तर ते मोजायला तुम्ही असाल का?"

त्यांनी लिहिली. हवालदाराने खाटेशेजारी स्टूल ओढून जबाब घेतला. विमलाबाईंनी फेब्रुवारीपासूनचं सगळं तारखांसकट सांगितलं, डाव्या हाताने अंगठा दिला. कलम ३२५, गंभीर दुखापत. गुन्हा जामीनपात्र, संध्याकाळी सहाला दिग्विजय सुटला.

विमलाबाई दवाखान्यातून परतल्यावर साडेसातला कॅलगरीहून उत्कर्षाचा फोन आला. तिथे सकाळ होती.

"आई, ती चिठ्ठी फाडून टाक. गोळी घे, पण फाइलमध्ये लावू नकोस. सतरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तिथे मी पडले आणि कंपनीने ही चिठ्ठी शोधून काढली, तर?"

"कोण शोधतंय?"

"तुझं घर विकावं लागेल माझ्या बिलापायी. माझी ठेव मोडायला एक जण बसलाच आहे."

"अगं, तो बाहेर आहे! सहा महिने त्याच्यासमोर काढणार तू?"

"त्याच्यासमोर नाही. कुलूप बदललं. त्याचे कपडे वॉचमनकडे दिलेत."

चिठ्ठीची झेरॉक्स रात्री आठ वाजता शालनने होनमान्यांच्या ऑफिसात पोचवली. त्यांनी ती फाइलला लावली आणि वर नवी तारीख लिहिली: २३ मार्च २०१४.

दिग्विजयला उद्या, बुधवारी, अकरा वाजता तपासासाठी चौकीत बोलावलंय. विमलाबाईंनी घरी एकटीने थांबायचं नाही, असं शालनने बजावलंय. मेसला बुधवारी दोनशे ऐंशी पोळ्या लागतात. पाच वाजता शालन लाटायला बसेल आणि विमलाबाई डाव्या हाताने भाजतील.