वरची शंभर युनिटं

एक तारीख, सकाळी सात. रक्कम बाराशे रुपये. हजर दोघे: जिन्याखालच्या मीटरपाशी चष्मा कपाळावर सरकवून वाकलेले ते, आणि वही घेतलेला मी. दोन वर्षं यात बदल झाला नाही.

माझ्या बिबवेवाडीच्या घराची वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. अकोल्याकडच्या एका पतसंस्थेतून निवृत्त झालेले लिपिक. बायकोला फुप्फुसांचा आजार, म्हणून पुण्यात आलेले. वीज कंपनीचा मीटर एकच, माझ्या नावाचा. त्यांच्या खोलीपुरता मी साधा पोटमीटर बसवला होता. ते आकडा वाचत, मागचा वजा करत आणि पैसे देताना म्हणत, "हिशेब चोख असतो हो आपला."

मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

हिशेब असा. कर वगैरे सोडून, महिन्याची पहिली शंभर युनिटं साधारण सहा रुपयांनी, पुढची बाराने. पहिली शंभर आमच्याच घरात संपायची. म्हणजे त्यांची सगळी वरची, सगळी बाराने. गणितात चूक काढून दाखवा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कोपऱ्यावर दूध आणायला जाताना पंखा बंद करणारी. त्यांचा वापर दर महिन्याला बरोबर शंभर. एकशे एक कधी नाही. खोलीत काकूंसाठी ऑक्सिजनचं यंत्र होतं. डॉक्टरांनी सांगितलेले चौदा तास, चालायचं आठ. दुपारी यंत्राची घरघर थांबली की थोड्या वेळाने खोकला खाली ऐकू यायचा.

"काका, दुपारीही लावा की यंत्र," मी एकदा म्हणालो.

"पेन्शनमधून विजेला बाराशेच निघतात. स्वतंत्र मीटर मिळत असेल तर बघता का?"

"कशाला ती कटकट? कागदपत्रं, हेलपाटे..."

"बरं," ते म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

पंचविसाव्या महिन्याच्या अखेरीस काकू गेल्या. आणखी एक महिना राहून ते वाघोलीला मुलीकडे गेले.

खोलीत आयटीतली एक मुलगी आली. माझी वही बघून म्हणाली, "अंकल, सॉरी, पण तुमचेच शंभर आधी का? माझे का नाही? मला सेपरेट मीटर हवा."

मीटर लागला. दोन हेलपाटे पडले. मोजून दोन.

तिचं पहिलं बिल आलं, तेव्हा मी जुनी वही काढली. स्वतःच्या मीटरवर पहिली शंभर सहाने पडून काकांना बाराशे रुपयांत शंभर नव्हे, दीडशे युनिटं मिळाली असती. जादा पन्नास युनिटं म्हणजे ते यंत्र रोज आणखी साडेपाच तास. आठ आणि साडेपाच. बेरीज तुम्हीच करा.

महिन्याला जादा घेतलेले सहाशे गुणिले सव्वीस, पंधरा हजार सहाशे रुपये पाकिटात घालून वाघोलीला गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, नोटा मोजल्या. मग आत जाऊन चारशे बत्तीस रुपये आणून माझ्यापुढे ठेवले.

"हे काय?"

"आपण सव्वीसही महिने शंभर युनिटं धरलीत. शेवटच्या महिन्यात यंत्र बंद होतं. अठ्ठावीसच झाली होती. त्याचे जादा एकशे अडुसष्टच होतात."

"काका, राहू द्या हो."

"घ्या. हिशेब चोख असतो आपला."

त्यांना पोहोचले पंधरा हजार एकशे अडुसष्ट. चारशे बत्तीस मी घरी घेऊन आलो. वरच्या सुट्या दोन रुपयांसकट.