लिंबू न टोचणारा चाकू

पहिलीच्या वर्गाला शिकवायचं तर बाईंकडे चाकू हवाच. खडू नसला तरी पोरं ओरडून शिकतात. पेन्सिलींना टोक नसलं की अख्खा वर्ग त्या दातांनी सोलायला लागतो. घरचा भाजीचा चाकू नेला तर लाखांदूरच्या एसटीत तो पर्समधून डोकं बाहेर काढायचा. एकदा शेजारची बाई उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. म्हणून दिवाळीनंतर आमच्याकडे भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत मी मिटता चाकू घ्यायचं ठरवलं.

"बाई, इळी दाखवू का?" दुकानदार म्हणाला.

"चाकूच दाखवा."

"कोनाले भोसकाचं हाये तुले?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

ह्यांना मासोळीच्या आकाराचा पितळी चाकू आवडला. डोळ्याच्या जागी लाल खडा, आणि पातं पडायला आलेल्या दातासारखं हलणारं. मी एकेक चाकू उघडून-मिटून पाहिला. उघडताना नख तुटू नये, वापरताना मिटून बोट जाऊ नये. शेवटी लाकडी मुठीचा, अणकुचीदार टोकाचा साधा चाकू घेतला. ह्यांनी हट्टाने मासोळी घेतली.

धान निघाल्यावर धाकट्या दिरांचं लग्न झालं. नवरी बपेऱ्याची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. वरातीचा ट्रक वेशीवर पोचला, बँड सुरू झाला, आणि ह्यांच्या आत्यांनी किंकाळी फोडली. हळद लागली की आमच्याकडे नवरदेव हातातून कट्यार सोडत नाही. तिच्या टोकाला लिंबू. आमच्या नवरदेवाने बूट घालताना ती ओसरीवर ठेवली होती. ती तिथेच राहिली.

"लोखंडाबिगर पोरगा खाली उतरनार नाही!" आत्या ट्रकाच्या फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

ह्यांनी ऐटीत मासोळी काढली. लिंबू टोचताच तिने मान टाकली, आणि लिंबू बँडवाल्यांच्या पायांत गेलं. मग सगळे माझ्या पर्सकडे बघू लागले.

"वहिनी, द्या ना. नाहीतर माह्यं लगन ट्रकातच लावतीन."

"देते. पण लिंबू टोचायचं नाही, पातं काळं पडतं."

"लिंबाबिगर का भाजी चिराले धरते तो?" आत्या कडाडल्या.

लिंबू टोचलं गेलं. लग्नाच्या फोटोत दीर नवरीकडे नव्हे, स्वतःच्या बोटांकडे बघताहेत. माझ्या चाकूच्या स्प्रिंगवर त्यांचा विश्वास नव्हता.

घरी आल्यावर मी चाकू मागितला.

"लग्नाचा चाकू हाये तो आता," आत्या म्हणाल्या. "त्यानं पेन्सिली छिलशीन का?"

चाकू देवघरात गेला. कट्यारीपेक्षा हलका म्हणून पुढच्या प्रत्येक नवरदेवाला तोच हवा असे. माझा वर्ग पुन्हा दातांवर आला.

पुढच्या मंडईत मी त्याच दुकानात गेले. "टोक बोथट पाहिजे," म्हटलं.

"बाई, बोथट कोनी घेत नाही."

मी पर्समधून लिंबू काढलं आणि एकेक चाकू टोचून पाहू लागले. दुकानदार ह्यांच्याकडे वळला. "भाऊ, बाईची तब्येत बरी हाये ना?"

"पेन्सिलीसाठी हाये," हे म्हणाले. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

अखेर एक गोल टोकाचा सापडला. मी जोर लावला. लिंबू चेपलं, पण पातं आत शिरेना. तोच घेतला. अजून माझ्या पर्समध्ये असतो. लग्नालाही खुशाल नेते.