भावासोबत जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी जोडायचा ही कल्पना माझ्या मोठ्या भावाची. मी शहाद्याला शाळेत गणित शिकवतो आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझा जुना अ‍ॅम्प मांडवांतली धूळ खाऊन खरखरायला लागला, तेव्हा मी नवा घ्यायचं बोललो. भाऊ म्हणाला, तयार कशाला घेतो, सुटे भाग मागव, मी बसवून देतो. तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. लहानपणी व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसायचा, त्यांतल्या काचेच्या नळ्या पेटलेल्या पाहणं त्याला फार आवडायचं. मी बंगळूरहून किट मागवलं.

पार्सल आलं तेव्हा तो नंदुरबारच्या दवाखान्यात होता. गळिताचा हंगाम संपत आला होता. एका सकाळी आंघोळीला म्हणून उठला आणि मोरीतच पडला. उजवा हात, उजवा पाय, दोन्ही गेले. तोंड वाकडं झालं. बोललेलं आम्हाला अर्धंमुर्धंच कळायचं.

ब्राह्मणपुरीला, गावच्या घरी त्याला आणलं तेव्हा आम्हाला वाटत होतं, आता हळूहळू सुधारेल. व्यायाम शिकवणाऱ्याने दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्याने डाव्या हाताने अंगणात भिरकावला. भेटायला येणारे लोक कुठल्या कुठल्या गावच्या औषधाचे पत्ते सांगायचे, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. वहिनीने भरवलेला घास तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आला की ताट सारून द्यायचा. खरं तर घरातला सगळ्यात बोलका माणूस तो. आता त्याच्या खोलीतून दिवसभर काही आवाज येत नसे.

मग एका रविवारी मी तो खोका त्याच्या खोलीत नेऊन उघडला. त्याच्यासाठी म्हणूनच नेला, हे त्यालाही कळलं असणार. त्याने बघितलंच नाही. मी जमिनीवर कागद पसरून त्यावर रेझिस्टर ओतले, आणि त्यांच्यावरचे रंगीत पट्टे वाचत एकेक वेगळा करू लागलो. बराच वेळ गेला. पलंगाची करकर ऐकू आली. तो कुशीवर झाला होता आणि डावा हात खाली सोडून त्याने एक रेझिस्टर उचलला होता.

त्यानंतर शाळा सुटली की मी मोटारसायकलवर गावी जायचो. खिडकीपाशी टेबल लावलं. सर्किटचा नकाशा तो वाचायचा, सोल्डरिंगचे डाग मी द्यायचो. पत्र्याच्या चासीवर आधी ट्रान्सफॉर्मर बसले, मग व्हॉल्व्हचे सॉकेट, मग वायरी. त्याच्या मनासारखी वायर वळली नाही की तो डाव्या हाताने टेबलावर थाप मारायचा आणि मी ती पुन्हा काढायचो. एका संध्याकाळी मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आली. म्हणाली, आज त्यांनी मागून भाकर खाल्ली. मला इतका आनंद झाला की गाडी चालवताना मी मोठ्याने गात होतो.

पण त्याला नुसतं सांगायचं नव्हतं, करायचंही होतं. तो उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवायचा आणि वजन ठेवावं तसा त्या हाताखाली वायर दाबून धरायचा. मी हे थांबवलं नाही, कारण डॉक्टरांनी तो हात वापरात ठेवा म्हणूनच सांगितलं होतं. एक दिवस मी वाकून सॉकेटच्या पायात कथील भरत होतो आणि तो डाव्या हाताने दुसरी तापलेली सोल्डरगन स्टँडवर ठेवत होता. थोड्या वेळाने कसला तरी वास आला. त्याने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं.

“काय जळी ऱ्हायनं?” त्याने विचारलं.

मीही आधी वायरीच पाहिल्या. सोल्डरगन स्टँडवरून घसरली होती आणि तिचं टोक त्याच्या उजव्या करंगळीला टेकलेलं होतं. मी ती ओढून बाजूला केली. कातडी पांढरी पडून फाटली होती. तो ओरडला नाही. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. आपल्या करंगळीकडे तो असा पाहत राहिला, जणू दुसऱ्या कुणाची तरी वस्तू आपल्या टेबलावर राहून गेली आहे. मग त्याने तो हात उचलला आणि मांडीवर, टेबलाखाली ठेवून दिला. पुन्हा कधी तो वर काढला नाही.

त्याला मधुमेह होता, त्यामुळे ती जखम लवकर भरली नाही. वहिनी मला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही हाई आठून लई जा.” मी तिला समजावलं की आता थोडंच काम उरलंय, आणि मध्येच नेलं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. तिने अ‍ॅम्प तिथेच राहू दिला.

काम पुरं झालं. पहिल्यांदा चालू करताना त्याने सिरीज बोर्ड लावायला लावला, म्हणजे कुठे शॉर्ट असेल तर बोर्डावरचा बल्ब भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब जरासा उजळून मंद झाला. मग बोर्ड काढून सरळ वीज दिली. व्हॉल्व्हच्या आत तारा नारिंगी झाल्या. मी गिटार जोडली आणि एक कॉर्ड वाजवली. जाड, उबदार आवाज होता, तसा मी याआधी स्वतःच्या हातून कधी ऐकला नव्हता. मागे थोडी घरघर येत होती, तेवढीच. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

“आवाज बरा शे,” तो म्हणाला. मी आणखी वाजवू लागलो तेव्हा म्हणाला, “बंद कर.”

मला वाटलं, थकला असेल. घरघर शोधायची राहिली होती म्हणून अ‍ॅम्प तिथेच ठेवून मी शहाद्याला परतलो.

पुढच्या आठवड्यात कोरीटला नात्यातलं लग्न होतं. घरचे सगळे जाणार होते. वहिनी जायला तयार नव्हती, मीच तिला आग्रह केला. शाळा सुटली की मी येऊन बसतो म्हणालो. त्या दिवशी शाळा अर्ध्यातच सुटली. मी पोहोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

अ‍ॅम्प टेबलावर उलटा होता. खालचा पत्रा काढलेला, स्क्रू वाटीत काढून ठेवलेले. एका हाताने ते करायला त्याला सकाळभर लागलं असेल. वायर भिंतीतल्या प्लगला लावलेली होती आणि अ‍ॅम्पचा लाल दिवा जळत होता. उघड्या तारांवर त्याने डावा हात धरला होता, टेकवला नव्हता. मला पाहून त्याने तो हळूच मागे घेतला.

“तू लवकर उना,” तो म्हणाला.

मी बटण बंद करून वायर उपटली, टेबल लांब सरकवलं आणि त्याच्यासमोर बसलो. मी विचारलं, घरघर शोधत होतास का? हो म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. मला तेच ऐकायचं होतं. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग मला नीट कळावं म्हणून तेच वाक्य दोनदा, एकेक शब्द सुटा करून म्हणाला.

“आते माले आसं जगानं नही.”

मी त्याचा डावा हात धरून बसलो आणि लग्नाहून गाडी येईपर्यंत तो सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही.

वहिनीला मी अंगणात बाजूला घेऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, लग्नातली साडी तशीच होती अंगावर. ती रडली नाही. म्हणाली, पपईवर फवारायच्या औषधाच्या बाटल्या तिने केव्हाच शेजारी नेऊन ठेवल्या होत्या. तो त्यांच्याकडे ज्या तऱ्हेने बघायचा ते तिने पाहिलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी संध्याकाळी गात जायचो, ते तिला ऐकू यायचं.

आम्ही त्याला नंदुरबारला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सरळ विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं. गोळ्या चालू झाल्या. त्यांनी झोप लागते, थोडंफार खाणं जातं, कधी काठी घेऊन तो ओट्यापर्यंत येतो. बरा झाला असं कुणी म्हणत नाही. अ‍ॅम्प मी शहाद्याला आणला, पण गिटार जोडायला हात होईना. शेवटी ऑर्केस्ट्रातल्या एका वादकाला देऊन टाकला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच्या खोलीतले प्लगचे पॉइंट काढून टाकायचं ठरलं. गावातला वायरमन आला. त्याला काय सांगायचं ते आम्ही ठरवलं होतं, भिंतीला ओल येते म्हणून. भाऊ पलंगावर बसून पाहत होता. वायरमनने बोर्ड उचकटला, वायरी ओढून तोडल्या आणि भोक बुजवायला सिमेंट कालवायला लागला.

भावाने त्याला थांबवलं. उघडी टोकं तशीच आत गाडू नको, आधी टेप मार, असं त्याने सांगितलं. वायरमनला त्याचं बोलणं कळलं नाही. मी ते पुन्हा सांगितलं. त्याने टेप मारली. भावाने ती नीट बसली का ते वाकून पाहिलं, आणि मग पलंगावर आडवा झाला.