जेवण झालं का?

भूमहून ईटला जाणाऱ्या एसटीत मी शेजारच्या म्हाताऱ्याला सरळच विचारलं, "ईटचे हरिभाऊ ठीक आहेत ना? त्यांचा फोन लागत नाही."

याच एका प्रश्नासाठी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कोल्हापूरहून धाडलं होतं. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी ईटमध्ये हरिभाऊंच्या शेजारी काढली. आता गुडघे साथ देत नाहीत.

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "पाव्हणं, जेवण झालं का?"

आम्ही कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलणारी. माझं डोकंच तापलं.

ईटला उतरलो. पानवाल्याला तेच विचारलं. त्यानं मान खाली घातली. "जेवण झालं का, दादा?" गिरणीवाल्यानं गिरणी थांबवून मला पुन्हा तेच विचारलं. भर दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मागं वळून पाहिलं, तर एसटीतला म्हातारा येत होता आणि त्याच्यामागं आणखी माणसं, न बोलता.

हरिभाऊंच्या घराअलीकडं एका बाईनं वाट अडवली. "आधी हितं दोन घास खावा."

"पण हरिभाऊ..."

"व्हय, व्हय. आधी खावा."

ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. चव झकास होती, पण घास उतरेना. ओटा माणसांनी भरला होता आणि सगळे माझ्या ताटाकडं बघत होते. मला त्यांची खरोखर भीती वाटली. कसंबसं ताट संपवलं.

मी हात धुतला आणि सगळे एकदम उठले.

म्हातारा जवळ आला. "हरिभाऊ पहाटंच गेले. लांबून आलेल्या उपाशी माणसाला आमी असलं सांगत न्हाय. चला आता मातीला, अंत्यविधीला. तुमचं जेवण व्हायची वाट बघत थांबलो होतो."

त्यांच्यातलं कुणीच सकाळपासून जेवलं नव्हतं, हे मला स्मशानातून परतताना कळलं.

अण्णांना हे फोनवर सांगवेना. परतीच्या वाटेवर परंड्यापासून मी एकच वाक्य मनात घोकत होतो: अण्णा, हरिभाऊ गेले. आडवळणानं बोलणं मला जमत नाही.

दार अण्णांनीच उघडलं. "भेटला का रे हरी? कसा आहे?"

वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "जेवण झालं का तुमचं?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. ईटमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस. मग भिंतीला धरत आत गेले आणि आईला म्हणाले, "वाढ."

ताटातलं सगळं त्यांनी सावकाश संपवलं. हात धुतला, पुसला.

"हं," ते म्हणाले, "आता सांग."